एक फाईल फुकट

अजयला फुकट या शब्दाचं भारी वेड. मूल गावच्या बाजारात भाजीवाली वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, देते म्हणून हा माणूस नको असलेली भेंडी घेऊन घरी येणार, अन् वर बायकोलाच सांगणार, "पाह्य, कसा फायदा केला." लग्न झाल्यापासून रंजीतानं ही फायद्याची भेंडी पुष्कळ खाल्ली होती. पण भेंडी पोटात गेली की विषय संपतो. या वेळी नवऱ्यानं जे फुकट आणलं, ते घरातल्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरलं अन् आतलं होतं नव्हतं ते सगळं गिळून बसलं.

सकाळी चहा ठेवून रंजीता टायपिंगला बसली. शाळांच्या प्रश्नपत्रिका ती घरीच टाईप करून द्यायची, त्यासाठीच हे जुनं यंत्र घेतलेलं. पाहते तर सगळ्या फायली पांढऱ्याफटक, प्रत्येकीच्या नावापुढं चार अक्षरांचं एक वेडंवाकडं शेपूट. एकही उघडेना. मधोमध इंग्रजीत चिठ्ठी: तुमच्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, काळजी करू नका, पैसे भरा, चावी देऊ. काळजी करू नका म्हणे. रंजीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर अन् वर शिरजोर, ही म्हण तिनं प्रश्नपत्रिकेत कितीदा टाईप केली होती, तिचा अर्थ आज घरी चालून आला.

"अजय, काल काय टाकलं यात?"

अजय भाताच्या मिलमध्ये कामाला निघाला होता. डबा हातात घेऊन दारातच थबकला. "ते आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर. तूच तं म्हनून राह्यली होती. विकत लय महाग होतं, मले फुकटात भेटलं."

"मंग अँटिव्हायरस कुठी गेला?"

"तो आडवा येऊन राह्यला होता. तिथी लिहून होतं का पयले त्याले बंद करा. मंग केला बंद."

म्हणजे चोरानं सांगितलं कुत्रं बांधून ठेवा, अन् ह्यानं बांधून ठेवलं. चहा उतू जाऊन गॅस विझला तेव्हा कुठं रंजीता उठली.

प्रश्नपत्रिका गेल्या त्याचं तिला फारसं काही नव्हतं, पुन्हा टाईप करता आल्या असत्या. त्या यंत्रात 'बाबा' नावाचं एक फोल्डर होतं अन् त्यात तिच्या बापाचा आवाज होता, तोच तिला साफ करून घ्यायचा होता. तो पुन्हा करता येणार नव्हता, कारण बापापाशी आता आवाजच नव्हता.

तिचा बाप नथ्थू दंडारीतला गडी. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते अन् मंडईच्या गावी दंडार उभी राहते. गडीच लुगडं नेसून नाचतात, गण होतो, गवळण होते, सोंगं येतात. नथ्थूनं गण म्हटला तर बाजूच्या गावातली माणसं उठून येत, असा त्याचा गळा. त्या गळ्याला खर्ऱ्यानं खाल्लं. प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून जन्मभर चघळलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, अन् शेवटी नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागते. तारीख मिळाली तेव्हा उन्हाळा होता. रंजीता माहेरी जाऊन राहिली अन् घोगरा का होईना, पण शिल्लक होता तो आवाज तिनं मोबाईलवर धरून ठेवला. गण, गवळणी, सोंगाची गाणी, सगळं. मग ऑपरेशन झालं. त्याच पावसाळ्यात तिची आई रंभाबाई तापाचं निमित्त होऊन गेली, अन् गळ्याला भोक पडलेला, त्यावर फडकं बांधलेला बाप मूलला लेकीच्या घरी आला.

तुम्ही म्हणाल, एवढं मोलाचं होतं तर चार ठिकाणी ठेवायचं होतं. बरोबर आहे. पण त्यालाही दंडारच आडवी आली. मंडईच्या आधी आपलं गाणं दुसऱ्या पार्टीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा नथ्थूचा नेम. शेजारच्या गावच्या पार्टीनं एकदा त्याची गवळण उचलून त्याच्याच आधी म्हटली होती, ते तो जन्मभर विसरला नाही. रेकॉर्डिंगच्या वेळीही त्यानं लेकीकडून वचन घेतलं होतं, "फोनातून कोनाले धाडजो नको. एकाले धाडलं का जगभर होते." रंजीतानं धाडलं नाही. कॉम्प्युटरवर उतरवलं, एका पेनड्राईव्हवर नक्कल घेतली, अन् मोबाईल बदल्यात देऊन नवा घेतला. चोरापासून गाणी अशी जपली की शेवटी मोठ्या चोरालाच सापडली.

पेनड्राईव्ह तरी वाचला असेल असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं. घाबऱ्या घाबऱ्या तिनं तो कपाटातून काढला अन् आतलं ठीक आहे का पाहायला त्याच कॉम्प्युटरला लावला. तिच्या डोळ्यांदेखत एकेका नावाला शेपूट फुटत गेलं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. हिनं तर बैल गेल्यावर वासरूही त्याच वाटेनं नेऊन दिलं. आता अजयला बोलायचं तोंडही उरलं नाही, अन् याचाच तिला जास्त राग आला.

बाजारपेठेत सुनिलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रंजीता डबडं घेऊन तिथं गेली, मागून अजयही. सुनिलनं ते उघडलं, मान हलवली अन् ह्या लोकांचा जो एकच मंत्र असतो तो म्हटला, "फॉरमॅट मारून देऊ का, ताई?"

"सुनिलभाऊ, फॉरमॅटच मारायचा असता तं मी दगड घालून मारला असता."

तो बिचारा ओशाळला. मग त्यानं नीट काम केलं. आतला किडा काढला. कुठल्याशा साईटवर अशा कुलपांच्या चाव्या फुकट ठेवलेल्या असतात तिथं शोधलं, पण हे कुलूप नवं निघालं, त्याची चावी नव्हती. "पैसे भरू नका," तो म्हणाला. "भरून बी चावी येईलच याचा भरोसा नाई. ही डिस्क जपून ठेवा. कधी चोर पकडले गेले तं चावी बाहेर येते. सालभरात येईल, नाई तं येनार बी नाई." सायबर पोलिसांच्या नंबरवर फोन केला तर तिथल्या बाईनंही तेच सांगितलं. तक्रार नोंदवा, पैसे देऊ नका, त्या लोकांशी बोलूसुद्धा नका. पैसे द्यायचा तर प्रश्नच नव्हता. डॉलरचे रुपये करून अजय घाम पुसत बसला होता.

निघताना सुनिल सहज बोलून गेला, "एक फाईल ते फुकट सोडून देतात. चावी खरी हाय हे दाखवाले. टरबूजवाला फोड कापून देते नं, तसं."

फुकट म्हटल्यावर अजयचा चेहरा उजळला. रंजीतानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उजेड लगेच मालवला. पण शब्द तिच्याही डोक्यात बसला. एक फाईल. सायबरच्या बाईनं बोलू नका म्हटलं होतं खरं, पण त्या बाईच्या बापाचा आवाज तिथं अडकला नव्हता.

घरी येऊन दोघांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. फाईल एकच, लहानशी, अन् तिच्यात किमती काही नको. किमती म्हणजे त्यांच्या लेखी किमती, हिशेब, कागदपत्रं असलं. गाण्याला ते काय किंमत देणार? गवळणी लांबलचक, त्या बसत नव्हत्या. सोंगाची गाणी तर त्याहून मोठी. गाण्यांपैकी बसण्यासारखा एक गण होता. तरी अजयनं आधी घासाघीस करून पाहिली. 'डिअर सर' म्हणून पत्र लिहिलं, आम्ही गरीब माणसं, वडील आजारी, एकाच्या दोन करा. बाजारात मेथीची जुडी मागावी तसं. दुसऱ्या दिवशी दोन शब्दांचं उत्तर आलं, एकच फाईल. चोर असून शिस्तीचे निघाले, अन् ह्या गोष्टीची रंजीताला एवढी चीड आली की तिनं दुपारभर अजयशी अबोला धरला.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा गावाहून झिंगू आला. झिंगू नथ्थूच्या पार्टीतला ढोलकीवाला, आता पार्टी त्याच्याच गळ्यात होती. दिवाळी तोंडावर, पोरं तालमीला बसलेली. गवळणी कशाबशा आठवून जुळवल्या होत्या, पण गण नथ्थूच्या स्वतःच्या रचनेचा, नथ्थूला लिहिता येत नव्हतं, अन् गण अर्धाच कोणाच्या तरी ध्यानात होता. झिंगू ओसरीत बसला अन् नथ्थूकडं पाहून मोठ्यांदा ओरडला, "बरे हाव नं, नथ्थूभाऊ?" आवाज गेला म्हणजे कानही गेले असं लोकांना काऊन वाटते कोण जाणे. नथ्थूनं मान हलवली. झिंगूनं मग हळूच रंजीताला म्हटलं, "माय, बाकी काई नसन तं चालन. पन गनाशिवाय दंडार उभी नाई राहात. तेवढा काढून दे."

"गणच काढते, झिंगूभाऊ," ती म्हणाली. "शब्द दिला."

नथ्थू खाटेवर बसून सगळं ऐकत होता. इतके दिवस घरात ज्याच्या आवाजावरून कालवा चालला होता, त्याला कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. बोलता येत नाही त्याला काय विचारायचं, असं काही कोणाच्या मनात नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही, बस.

झिंगू गेल्यावर रंजीता कॉम्प्युटरपुढं बसली. गणाची फाईल पत्राला जोडणार, तेवढ्यात मागून टाळी वाजली. बोलायचं असलं की नथ्थू टाळी वाजवायचा. तो खाटेवरून उठून तिच्या पाठीशी येऊन उभा होता. बोटानं त्यानं खूण केली, दाखव.

"काय दाखवू, बाबा? गणच धाडून राह्यली."

त्यानं बोट हलवलं. नाही. नावं वाच.

ती चिडली होती, पण वाचू लागली. प्रत्येक नावाला आपणच दिलेली मराठी अक्षरं अन् पुढं ते घाणेरडं शेपूट. वाचत वाचत अगदी खालच्या नावावर आली. 'पहिला दिवस बिघडलं.' नथ्थूनं तिच्या खांद्यावर बोट टोचलं.

"हे? बाबा, हे बिघडेल हाय. लहान हाय, बसन बी, पन यात गाणं नाई. तुमी नुसते खाकरून राह्यले अन् आई मधातच बडबडून राह्यली. मी पूर्ण आयकलं बी नाई. दुसऱ्या दिवशी आपन परत केलं नं."

पुन्हा बोट. त्याच नावावर.

"आवो बाबा, एकच फाईल भेटते. एकच. झिंगूभाऊले शब्द देल्ला मी आत्ता, तुमच्यासमोर. तुमचा गण कोनाले येत नाई. तो गेला तं गेला." तिचा आवाज चढला. "मी सुनिलकडं गेली, पोलिसाले फोन केला, चोराच्या हातापाया पडलो आपन, कायच्यासाठी? या बडबडीसाठी?"

नथ्थूनं बोट काढलं नाही. गळ्यावरचं फडकं श्वासानं आत बाहेर होत होतं. तिला वाटलं, याच्याजवळ बोलायला गळा असता तर आपण चांगलं भांडलो असतो. असं मुक्या माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीशी डोकं फोडणं. ती मनात म्हणाली, माऊस माझ्या हातात आहे, गण जोडला तर हा काय करणार आहे? अन् खरंच तिनं गणावर बाण नेला. बाप काही करणार नव्हता. तो तिचा हात धरणार नव्हता की रुसून बसणार नव्हता. तो नुसता उभा होता, बाजारात जिन्नस विकत घ्यायची नाही पण हात लावून पाहायची असं लहान लेकरू उभं राहतं तसा.

"करा मंग तुमच्या मनाचं," ती म्हणाली, अन् बिघडलेली फाईल जोडून धाडून दिली. धाडल्या धाडल्या तिला रडू कोसळलं. गण गेला होता. तिच्या बापाचा सगळा जन्म ज्या एका गाण्यात होता ते आपल्या हातानं सोडून दिलं, असं तिला वाटलं अन् तसं ती बोललीही. अजय मिलवरून आला तेव्हा त्यालाही तिनं ऐकवलं. त्याला काय झालं ते कळलं नाही, पण चूक आपलीच असणार हे धरून त्यानं मुकाट्यानं ताटं वाढली.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. शेपूट तुटलेली साफ फाईल. खाली पुन्हा पैशाची आठवण. रंजीतानं ती आठवण वाचलीही नाही. बापाला खुर्ची दिली, आवाज मोठा केला अन् बटण दाबलं.

आधी कोंबड्या. मग नथ्थूचं खाकरणं. "चालू झालं का वो हे?" बापाचा आवाज. किती दिवसांनी. तो पुन्हा खाकरला, सूर लावू लागला, तोच स्वयंपाकखोलीतून रंभाबाई. "आवो, भात थंडा होऊन राह्यला. मंग म्हना गानं." नथ्थू पुन्हा सूर लावतो. पुन्हा रंभाबाई. "आयकाले येते का नाई तुमाले?" मग रंजीताचा स्वतःचा त्रासलेला आवाज, "आई, थांब नं जराशी. बाबा, तुमी बसा, मी पानी आनते." पावलं दूर गेली. इथंवरच तिनं कधीतरी ऐकलं होतं, अन् कपाळाला हात लावून बंद केलं होतं.

पुढं फोन तसाच चालू राहिला होता. नथ्थू एकटाच गुणगुणत होता. रंभाबाई दोनदा "आवो, आवो" म्हणाली. उत्तर नाही. भांडं आपटल्याचा आवाज आला. अन् मग पार जोरात, शेजारच्या घरापर्यंत जाईल अशी:

"ये नथ्थू! जेवतो का नाई आता?"

रंजीता उभ्या जागी ताठ झाली. ती स्वतः नवऱ्याला चारचौघांत अजय म्हणायची, तिला त्याचं काही नव्हतं. पण आईनं जन्मात बाबाचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटते, अशी तिची पक्की समजूत. राशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती शेजारणीला कोपर मारायची, तू सांग म्हणून. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा ही रडली होती, असं गावात अजून सांगत.

रेकॉर्डिंगमध्ये सगळं थांबलं होतं. गुणगुणणंही. मग नथ्थू म्हणाला, "काय म्हनली तू?"

"काई नाई."

"म्हनली नं."

"चुकून निंगालं तोंडातून." अन् रंभाबाई हसली. पदर तोंडात धरून हसावं तसं दबकं, म्हाताऱ्या बाईचं हसू.

"अजून एकडाव म्हन."

"चला, हटा. जेवाले चाला."

इथं फाईल संपली. नथ्थूचे खांदे हलत होते. तो हसत होता, गळ्याच्या भोकातून नुसता वारा येत होता, फडकं ओलं झालं होतं. त्यानं हात पुढं केले अन् टाळी वाजवली. रंजीतानं पुन्हा लावलं. तिचा राग गेला नव्हता. गण गेल्याचा राग होता, अजयचा होता, त्या चोरांचा होता, अन् इतके दिवस ही फाईल पुसून टाकायची राहिली म्हणून राहिली, नाही तर आपणच पुसली असती, याचा सगळ्यात मोठा होता. सगळा राग डोळ्यांतून वाहत होता अन् ती तो पुसतही नव्हती.

तेवढ्यात झिंगूचा फोन आला. मागं कोणी पोरगं ढोलकी वाजवत होतं, पोरं तालमीला जमली होती.

"निंगाला का गन, माय?"

"नाई, झिंगूभाऊ," रंजीता म्हणाली. "आई निंगाली."

तिकडं त्यानं ढोलकी थांबवायला लावली. रंभाबाईच्या हातचं झिंगूनं दर तालमीला खाल्लं होतं.

"काय म्हनते?" त्यानं विचारलं.

"जेवाले बोलावते."